‘द किंग्ज अवतार’ पहिल्यांदा पाहताना: क्रम, खेळाचे नियम आणि माणसांची ओळख

दहा वर्षे एकच ऑनलाइन खेळ खेळून त्यात अव्वल ठरलेला खेळाडू वयाच्या पंचविसाव्या वर्षी संघाबाहेर काढला जातो, त्याचे नावाजलेले अकाउंट त्याच्या हातून दुसऱ्याला दिले जाते, आणि त्याच रात्री तो रस्त्यापलीकडच्या नेट कॅफेत रात्रपाळीचा व्यवस्थापक म्हणून कामाला लागतो. ‘द किंग्ज अवतार’ या चिनी अ‍ॅनिमेशन मालिकेची सुरुवात इथून होते. बटरफ्लाय ब्लू या टोपणनावाने लिहिणाऱ्या चिनी लेखकाची मूळ कादंबरी २०११ ते २०१४ या काळात छीद्यान या संकेतस्थळावर क्रमशः प्रसिद्ध झाली, आणि ७ एप्रिल २०१७ पासून तिच्यावरील मालिका टेन्सेंटने प्रसारित केली.

ही मालिका अनोळखी प्रेक्षकासाठी फारशी थांबत नाही. ‘ग्लोरी’ हा तिच्यातला खेळ काल्पनिक आहे. तरीही तो सर्वांच्या परिचयाचा आहे असे गृहीत धरून पात्रे बोलतात, एकेका माणसाला दोन-तीन नावे असतात आणि पहिल्या दोन भागांतच डझनभर चेहरे समोर येऊन जातात. त्यामुळे अनेक जण तिसऱ्या भागाच्या आसपास मालिका सोडून देतात, आणि नेमकी तिथूनच ती रंगू लागलेली असते. ज्यांनी असा खेळ कधी खेळलेला नाही, किंवा मोबाइलवरील गोळीबाराच्या खेळांपलीकडे ज्यांचा अनुभव नाही, त्यांना समोर ठेवून पुढील टप्पे लिहिले आहेत. कथेतील कोणतेही वळण उघड होणार नाही याची काळजी घेतली आहे. सुरुवातीच्या काही भागांतील परिस्थिती मात्र सांगावीच लागते.

आधी पाहण्याचा क्रम ठरवावा

पहिल्या पर्वाचे १२ भाग प्रथम पाहावेत. त्यानंतर २०१८ मध्ये आलेले तीन विशेष भाग पाहावेत. त्यांत व्यावसायिक लीगच्या ऑल-स्टार सोहळ्याची कथा आहे. त्यांना पुरवणी समजून वगळणे हा नव्या प्रेक्षकांचा नेहमीचा प्रकार आहे, परंतु दुसऱ्या पर्वाची कथा या तीन भागांनंतर पुढे सरकते, आणि ते न पाहता थेट तिकडे गेल्यास मधला दुवा निखळतो. दुसऱ्या पर्वाचे १२ भाग २५ सप्टेंबर २०२० पासून प्रसारित झाले.

१६ ऑगस्ट २०१९ रोजी चीनमध्ये प्रदर्शित झालेला ‘फॉर द ग्लोरी’ हा चित्रपट कालक्रमाने सर्वांत आधीचा आहे, कारण त्यात लीगच्या पहिल्याच हंगामाची पूर्वकथा सांगितलेली आहे. तरीही तो प्रथम पाहू नये. नायकाने काय गमावले आहे हे मालिकेत हळूहळू, इतरांच्या बोलण्यातून आणि न बोलण्यातून कळत जाते. चित्रपट आधी पाहिल्यास ते सारे अगोदरच हाती येते आणि पहिल्या भागातील नायकाचे मौन सपाट वाटू लागते. विशेष भागांनंतर आणि दुसऱ्या पर्वापूर्वी ही चित्रपटाची योग्य जागा आहे.

कुठे आणि कोणत्या भाषेत पाहावी

टेन्सेंटचे वीटीव्ही हे अ‍ॅप, भारत सरकारने २४ नोव्हेंबर २०२० रोजी बंदी घातलेल्या ४३ अ‍ॅप्सच्या यादीत होते. त्यामुळे भारतातील प्रेक्षकाने प्रथम यूट्यूबवरील टेन्सेंटच्या अधिकृत वाहिन्यांवर शोध घ्यावा. परदेशातील मराठी प्रेक्षकांना ते अ‍ॅपही वापरता येईल. आवाज मूळ चिनी ठेवावा आणि सबटायटल्स इंग्रजी घ्यावीत. यूट्यूबची यांत्रिक भाषांतराची सोय वापरून मराठी किंवा हिंदी सबटायटल्स लावण्याचा मोह टाळावा, कारण पात्रांच्या अकाउंटची नावे अनेकदा जुन्या कवितेतील शब्दसमूह असतात आणि यंत्र ती नावे म्हणून न ओळखता त्यांचे वाक्यात रूपांतर करते. मग कोण कोणाशी बोलत आहे हेच कळेनासे होते.

एका बैठकीत तीनपेक्षा जास्त भाग न पाहणे सोयीचे ठरते. भाग २० ते २५ मिनिटांचे आहेत, पण नावे आणि नियम डोक्यात मुरायला थोडा अवधी लागतो.

‘ग्लोरी’चे नियम समजून घ्यावेत

हा टप्पा सर्वांत मोठा आहे आणि त्यावर वेळ घालवणे सार्थकी लागते, कारण मालिकेतील जवळजवळ प्रत्येक डाव या नियमांच्या फटीत बसवलेला आहे.

‘ग्लोरी’ हा हजारो लोकांनी एकाच वेळी खेळायचा ऑनलाइन भूमिका-खेळ आहे. प्रत्येक खेळाडूकडे एक अकाउंट कार्ड असते. ते संगणकाला जोडलेल्या यंत्रात घातले की त्या कार्डावरचे पात्र खेळात उतरते. म्हणजेच पात्र ही हातातून हातात देता येणारी वस्तू आहे. मालिकेतील सगळा कायदेशीर आणि भावनिक पेच या एका गोष्टीवर उभा असल्यामुळे ती पक्की लक्षात ठेवावी.

खेळात २४ क्लास, म्हणजे पात्रांचे लढण्याचे प्रकार, आहेत: भाल्याने आणि जादूने लढणारा बॅटल मेज, दुरून तोफा डागणारा लाँचर, तलवारबाज ब्लेड मास्टर, साथीदारांना बरे करणारा क्लेरिक वगैरे. नवे पात्र क्लासविना सुरू होते आणि लेव्हल २० ला त्याने एक क्लास निवडायचा असतो. क्लास निवडलाच नाही तर ते पात्र ‘अनस्पेशलाइज्ड’ राहते. त्याला सर्व क्लासांची प्राथमिक कौशल्ये शिकता येतात, पण एकाचेही वरचे कौशल्य मिळत नाही. ही वाट खेळाच्या सुरुवातीच्या काळात काही जणांनी चोखाळली होती. परंतु लेव्हल ५० नंतरच्या ‘हेवनली डोमेन’ या प्रदेशात प्रवेशासाठी क्लास असणे सक्तीचे झाले, आणि ती बंद पडली. दुसरी अडचण शस्त्राची होती. तलवारीचे कौशल्य वापरायला तलवार लागते आणि बंदुकीचे वापरायला बंदूक, त्यामुळे २४ क्लासांची कौशल्ये शिकलेल्या पात्राला लढाईच्या मध्यावर शस्त्रे बदलत बसावे लागले असते.

नायकाकडे असलेली छत्री हे या अडचणीचे उत्तर आहे. तिचे नाव ‘थाउजंड चान्स अम्ब्रेला’. निरनिराळ्या सबटायटल्समध्ये ते वेगवेगळे दिसेल. ती मिटली की भाला होते, उघडली की ढाल होते, तिच्या दांड्यातून तलवार निघते आणि टोकातून गोळी सुटते. ती एका जुन्या मित्राने घडवलेली आहे, आणि तो मित्र कोण हे मालिकेला तिच्या गतीने सांगू द्यावे. ही छत्री नायकाच्या हाती येते तेव्हा अगदी खालच्या लेव्हलची असते. तिला वाढवायला दुर्मीळ साहित्य लागते, ते साहित्य मोठ्या राक्षसांकडून मिळते, आणि ते राक्षस एकट्याने मारता येत नाहीत. पहिल्या पर्वाचे अर्धे कथानक या एका गरजेतून निघते.

उपकरणांच्या दर्जासाठी रंग वापरलेले आहेत आणि नारिंगी रंग वरच्या दर्जाचा मानला जातो. चंदेरी उपकरणे या क्रमाबाहेरची आहेत: ती खेळात आयती सापडत नाहीत, खेळाडूंनी स्वतः आखून बनवलेली असतात, आणि व्यावसायिक संघ त्यांच्या संशोधनावर पैसा आणि मनुष्यबळ खर्च करतात.

आणखी तीन शब्द माहीत असावेत. ‘डंजन’ म्हणजे चार-पाच जणांच्या गटासाठी वेगळा उघडणारा लढाईचा प्रदेश. त्यात दिवसाला ठरावीक वेळाच जाता येते आणि तो सर्वांत कमी वेळात पार करणाऱ्या गटाचे नाव सर्व्हरवर, म्हणजे खेळाच्या त्या स्वतंत्र जगात, जाहीर होते. ‘अ‍ॅग्रो’ म्हणजे राक्षसाचा रोख. तो चिलखती खेळाडूकडे टिकवून ठेवणे आणि इतरांकडे वळू न देणे हे गटाचे पहिले कर्तव्य असते. ‘गिल्ड’ म्हणजे खेळाडूंची संघटना. गिल्डविषयी पुढे सविस्तर येईल.

ज्यांनी ‘डंजन अँड फायटर’ हा कोरियन खेळ खेळला आहे त्यांना यांतील बरेच क्लास ओळखीचे वाटतील. एक फरक लक्षात घ्यावा: ‘ग्लोरी’ खेळणाऱ्याला पडद्यावर आपले पात्र दिसत नाही, तो पात्राच्या डोळ्यांनी पाहत असतो. मालिका आपल्याला लढत बाहेरून दाखवते. म्हणून मागून आलेला वार एखाद्याला दिसला नाही तर तो मूर्ख होता असे समजू नये.

माणसे आणि नावे जुळवून घ्यावीत

नायकाचे नाव ये श्यू. व्यावसायिक लीगमध्ये तो ये छ्यू या नावाने ओळखला जात असे. असे का, ते मालिकेत कळते. त्याने कधी जाहिरात केली नाही, पत्रकारांसमोर आला नाही, चेहरा दाखवला नाही. म्हणूनच नेट कॅफेची मालकीण त्या ये छ्यूच्या जुन्या संघाची कट्टर चाहती असूनही तिला आपला नवा नोकर कोण आहे हे ओळखता येत नाही. त्याचे जुने अकाउंट ‘वन ऑटम लीफ’, क्लास बॅटल मेज. नवे अकाउंट ‘लॉर्ड ग्रिम’. या नव्या अकाउंटचे मूळ चिनी नाव थांग काळातील कवी वांग हान याच्या एका ओळीतून आले आहे.

सुरुवातीला एवढी माणसे ओळखता आली तरी पुरे:

छन ग्वो – शिंगशिन नेट कॅफेची मालकीण, लाँचर खेळणारी, तापट आणि मनाने उदार. इंग्रजी सबटायटल्समध्ये शिंगशिनला कधी ‘हॅपी’ म्हटलेले आढळेल.

सू मूछंग – ये श्यूची लहानपणापासूनची सोबती आणि जुन्या संघातील सहकारी; तिचे ‘डान्सिंग रेन’ हे अकाउंट लीगमधील सर्वांत प्रसिद्ध लाँचर आहे.

सुन श्यांग – ‘वन ऑटम लीफ’ ज्याच्या हाती गेले तो तरुण खेळाडू.

थांग रौ – नेट कॅफेच्या काउंटरवरील मुलगी. खेळात तिला काडीचा रस नसतो, पण हरणे सहन होत नाही.

बाओ रोंगशिंग – सबटायटल्समध्ये ‘स्टीम्ड बन’. समोरच्याची रास विचारतो आणि विटा फेकतो.

छ्याओ यीफान – ‘टायनी हर्ब’ या विजेत्या संघाच्या बाकावर बसून राहिलेला लाजाळू मुलगा.

हुआंग शाओथ्यान – ‘ब्लू रेन’ संघाचा ब्लेड मास्टर, लढताना अखंड बडबडणारा. पडद्यावर संदेशांची रांग लागली की हा आला असे समजावे. ते सगळे संदेश वाचण्याची गरज नाही, त्याचे विरोधकही वाचत नाहीत.

नायकाच्या जुन्या संघाचे नाव ‘ज्याशी’. इंग्रजीत त्याला ‘एक्सलंट एरा’ म्हणतात. लीगचे पहिले तीन हंगाम सलग या संघाने जिंकले होते आणि कर्णधार ये श्यूच होता.

पहिला भाग दोनदा पाहावा

पहिल्या भागातील करारनाम्याचा प्रसंग घाईने उरकतो, आणि त्यात नेमके काय घडते हे बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. ये श्यूला थेट हाकलले जात नाही. अकाउंट नव्या खेळाडूला द्यावे आणि स्वतः सरावातला जोडीदार म्हणून संघात राहावे, असा प्रस्ताव त्याच्यासमोर ठेवला जातो. तो नाकारून करार संपवण्याची किंमत म्हणून त्याला निवृत्ती जाहीर करावी लागते, आणि लीगच्या नियमानुसार निवृत्त खेळाडूला एक वर्ष परतता येत नाही. मालिकेची पुढील सारी कालगणना या एका वर्षाची आहे. त्याने आराम करावा, नव्या संघाकडे जावे, असे सुचवणाऱ्या प्रेक्षकांनी हा नियम डोळ्यांआड केलेला असतो.

‘वन ऑटम लीफ’ कार्डावर त्याचा दहा वर्षांचा खेळ आहे, पण कार्ड क्लबचे आहे. प्रत्यक्षातील ई-स्पोर्ट्समध्ये, उदाहरणार्थ ‘लीग ऑफ लेजंड्स’ किंवा ‘डोटा २’ मध्ये, स्पर्धेत सर्वांना समान साधने मिळतात आणि अकाउंटला फारसे मोल नसते. ‘ग्लोरी’त मात्र अकाउंट, त्यावरील चंदेरी शस्त्र आणि त्याची कीर्ती हे क्लबच्या मालमत्तेत मोडते, त्याची खरेदी-विक्री होते, त्याला वारस नेमले जातात आणि चाहते माणसाइतकेच त्या पात्रावर प्रेम करतात. मालिका लेखकाने रचलेल्या या फरकावर चालते. अकाउंट, शस्त्र, संघ, नाव आणि पगार काढून घेतल्यावर खेळाडूकडे काय उरते, हा तिचा खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर ती भाषणातून न देता एकेका लढतीतून देते. माझ्या मते याच कारणाने ही मालिका या प्रकारच्या इतर कथांहून वरच्या दर्जाची ठरते. अशा कथांत नायकाला बहुधा एखादी गूढ शक्ती लाभते. ये श्यूकडे फक्त माहिती असते: कोणता राक्षस किती अंतरावर वळतो, कोणते कौशल्य कोणत्या क्षणी तोडता येते, कोणता गिल्डप्रमुख कोणत्या आमिषाला भुलतो.

पहिला भाग दुसऱ्यांदा पाहताना आणखी एक बाब तपासावी. रात्री बारा वाजता खेळाचा दहावा सर्व्हर उघडतो. नवा सर्व्हर म्हणजे सर्वांनी शून्यावरून सुरुवात करायची. जुने पैसे, जुनी शस्त्रे, जुन्या ओळखी तिथे चालत नाहीत. संघाबाहेर पडलेल्या माणसासाठी ही योजना फारच सोयीची आहे असा आक्षेप कोणी घेतला तर तो मान्य करावा लागेल. लेखकाने इथे स्वतःसाठी सवलत घेतली आहे, आणि पुढे फारशा घेतलेल्या नाहीत.

गिल्डांशी होणारे सौदे समजून पाहावेत

दुसऱ्या भागापासून ‘ब्लू ब्रूक’, ‘टिरॅनिकल अँबिशन’ आणि ‘हर्ब गार्डन’ ही तीन गिल्डची नावे वारंवार कानी पडतील. या तीन गिल्ड अनुक्रमे ब्लू रेन, टिरनी आणि टायनी हर्ब या व्यावसायिक संघांच्या आहेत. व्यावसायिक खेळाडू दिवसभर सराव करतात. त्यांच्या शस्त्रांना लागणारे दुर्मीळ साहित्य मिळवण्याचे काम खेळातील या गिल्ड करतात. त्यासाठी गिल्डला भरपूर सदस्य हवेत, सदस्य मिळवायला प्रतिष्ठा हवी, आणि नव्या सर्व्हरवर प्रतिष्ठा मिळते ती डंजनच्या विक्रमातून व राक्षसाच्या पहिल्या वधातून. चाहता, गिल्ड, साहित्य, शस्त्र, विजय आणि पुन्हा चाहता असे हे चक्र आहे. ते एकदा ध्यानात आले की एका अनोळखी खेळाडूने केलेल्या विक्रमामुळे तिन्ही गिल्डप्रमुखांची झोप का उडते, हे सांगावे लागत नाही.

ये श्यू या चक्रात स्वतःसाठी जागा शोधतो. त्याला साहित्य हवे आहे, गिल्डला विक्रम हवे आहेत. तो विक्रम करून देतो आणि मोबदल्यात साहित्याची यादी पुढे करतो. ब्लू ब्रूकचा ब्लू रिव्हर हा सभ्य अधिकारी आणि ये श्यू यांच्यातील संभाषणे हा पहिल्या पर्वातील उत्तम विनोद आहे, आणि तो कळण्यासाठी कोणाला कशाची किती गरज आहे हे माहीत असावे लागते. बाजारात घासाघीस करणाऱ्या मुरलेल्या गिऱ्हाइकासारखा ये श्यू आधी अवाजवी मागणी करतो, समोरच्याला चिडू देतो आणि मग आपल्याला मुळात जे हवे होते त्यावर ‘तडजोड’ करतो. प्रत्येक सौद्यात त्याने मागितलेली वस्तू एका वहीत टिपून ठेवल्यास पुढे छत्रीत होणारा बदल कोणत्या सौद्यातून आला हे जुळवता येते. ज्यांना अशी जुळवाजुळव आवडते त्यांनी जरूर करावी, इतरांनी सोडून द्यावी.

फ्रॉस्ट फॉरेस्ट या डंजनमधील विक्रमांची चढाओढ विशेष लक्ष देऊन पाहावी. इथे एक तत्त्व मालिका सहजपणे दाखवून जाते: विक्रम सर्वांत जोरदार वार करणाऱ्या गटाचा होत नाही, राक्षसांना कमीत कमी ठिकाणी गोळा करून एकदम मारणाऱ्या गटाचा होतो. शत्रू कसे ओढून आणायचे, कोणी कुठे उभे राहायचे, बरे करणाऱ्याने केव्हा हात आखडता घ्यायचा, हे सगळे वेळापत्रकासारखे आखलेले असते.

लढती पाहताना नजर कुठे ठेवावी

पहिल्यांदा पाहताना डोळे आपोआप प्रकाशझोतांकडे आणि स्फोटांकडे जातात. त्याऐवजी दोन गोष्टी पाहाव्यात. एक, खेळाडूंचे हात. मिनिटाला होणाऱ्या क्रियांची संख्या, म्हणजे एपीएम, हा मालिकेत वारंवार येणारा शब्द आहे. तरीही केवळ वेगाने सामना जिंकता येत नाही हे ती पुन्हा पुन्हा दाखवते: ब्लू रेनचा कर्णधार यू वनचौ याचे हात व्यावसायिक मानाने मंद आहेत आणि तरीही तो लीगमधील सर्वांत धोकादायक डावपेचकारांपैकी एक आहे. दोन, अंतर. कोणत्याही दोन लढवय्यांत किती अंतर आहे आणि ते कोणाच्या सोयीचे आहे, हे पाहिले की पुढचा वार कोण करणार याचा अंदाज बांधता येतो. छत्रीची ताकदही यातच आहे. ती कोणत्याही अंतराला उत्तर देते, त्यामुळे समोरच्याला सुरक्षित जागाच मिळत नाही.

थांग रौ आणि ये श्यू यांच्या पहिल्या लढती या दृष्टीने सर्वांत शिकवणाऱ्या आहेत. ती पियानो वाजवत असल्यामुळे तिच्या बोटांना वेग आहे, खेळाचे ज्ञान मात्र शून्य आहे. पैज लावून ती हरत राहते, आणि प्रत्येक हरण्यात ती नेमकी कुठे चुकली हे दिसेल अशा तऱ्हेने प्रसंग रचले आहेत. नवख्या प्रेक्षकाचे शिक्षण आणि थांग रौचे शिक्षण बरोबरीने चालते.

पंचविसाव्या वर्षी खेळाडू म्हातारा कसा, हा प्रश्नही इथेच पडतो. ई-स्पोर्ट्समध्ये तो अवास्तव नाही. ‘लीग ऑफ लेजंड्स’मधील चीनचा सर्वांत लोकप्रिय खेळाडू उझी याने जून २०२० मध्ये, वयाच्या २३व्या वर्षी, मधुमेह आणि हाताच्या दुखापतीमुळे निवृत्ती जाहीर केली, नंतर तो काही काळ पुन्हा मैदानात उतरला. याउलट कोरियाच्या फेकरने २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षी विश्वविजेतेपद मिळवले तेव्हा त्याने सत्ताविशी ओलांडलेली होती. मालिकेतील वयाची चर्चा या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी आहे.

चीनमधील पार्श्वभूमीची थोडी माहिती

फार खोलात जाण्याची गरज नाही. चीनच्या क्रीडा प्रशासनाने २००३ मध्ये ई-स्पोर्ट्सला क्रीडाप्रकार म्हणून मान्यता दिली, आणि २०१९ मध्ये ई-स्पोर्ट्स खेळाडू हा अधिकृत व्यवसायांच्या यादीत आला. कादंबरी लिहिली गेली त्या २०११ च्या सुमारास मात्र मध्यमवर्गीय घरांत गेमिंगकडे व्यसन म्हणूनच पाहिले जात होते. ये श्यूच्या आणि थांग रौच्या घरच्यांविषयी जे तुटक उल्लेख येतात ते या पार्श्वभूमीवर वाचावेत. नेट कॅफेत १८ वर्षांखालील मुलांना बंदी आहे आणि आत जाताना ओळखपत्र दाखवावे लागते. २०२१ पासून तर अल्पवयीन मुलांना ऑनलाइन खेळासाठी शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुट्टीच्या दिवशी रात्री आठ ते नऊ एवढाच वेळ मिळतो, त्यामुळे मालिकेतील रात्रभर चालणारे नेट कॅफे आजच्या चिनी किशोरांना काहीसे जुन्या काळातील वाटत असावेत.

कथेतील शहराला केवळ ‘एच’ म्हटले आहे आणि ते हांगचौ असावे असे चाहते मानतात. त्याच हांगचौमध्ये २०२३ च्या आशियाई क्रीडास्पर्धांत ई-स्पोर्ट्सच्या सात प्रकारांत प्रथमच अधिकृत पदके दिली गेली. भारतात ई-स्पोर्ट्सची जबाबदारी डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रीय क्रीडा मंत्रालयाकडे सोपवण्यात आली.

विशेष भागांपासून पुढे

विशेष भागांत प्रथमच व्यावसायिक खेळाडू आणि प्रेक्षागृह एकत्र दिसतात. इथवर आवाज आणि पडद्यावरील पात्रे म्हणून भेटलेली माणसे प्रत्यक्ष रूपात समोर येतात, त्यामुळे वर दिलेली नावांची यादी एकदा पुन्हा नजरेखालून घालावी. पहिल्या भागातील बर्फाळ रात्रीपासून आतापर्यंत ये श्यूने स्वतःहून कोणासमोर येणे टाळलेले असते, हे लक्षात ठेवले तर या तीन भागांचा परिणाम वाढतो.

दुसऱ्या पर्वात निर्मिती करणारा स्टुडिओ बदलला: पहिले पर्व जी.सीमे या स्टुडिओचे, दुसरे कलर्ड पेन्सिल अ‍ॅनिमेशनचे. चेहऱ्यांची ठेवण वेगळी दिसते आणि पहिल्या दोन भागांत ती खटकते. मला स्वतःला पहिल्या पर्वाची धारदार रेखाटने अधिक आवडतात. दुसऱ्या पर्वात काही प्रसंग घाईत आटोपले आहेत, हेही खरे आहे. पण कथा आता विक्रमांकडून संघबांधणीकडे वळलेली असते. कोणाला घ्यायचे, ज्याला कोणीच विचारत नाही त्याच्यात काय पाहायचे, बाकावर बसलेल्या मुलाला ‘तुझा क्लासच चुकला आहे’ हे कसे सांगायचे, असे प्रश्न पुढे येतात. लढतींच्या चकाकीसाठी मालिका धरलेल्या प्रेक्षकाला इथे ओढाताण वाटेल. छ्याओ यीफानमध्ये ज्यांचा जीव गुंतला आहे त्यांना वाटणार नाही.

मालिका संपल्यावर

दोन वाटा आहेत. यांग यांगची प्रमुख भूमिका असलेली ४० भागांची मालिका २०१९ मध्ये आली. तिच्यात माणसे प्रत्यक्ष आणि खेळ संगणकीय चित्रांत आहे. ती स्वतंत्र रूपांतर आहे, त्यामुळे अ‍ॅनिमेशनमध्ये न उलगडलेल्या गोष्टींचा खुलासा तिच्यात शोधू नये. पात्रांचा रोजचा सहवास आणि नेट कॅफेतील घरगुती वातावरण ज्यांना हवे आहे त्यांनी ती पाहावी.

दुसरी वाट कादंबरीची. तिची १,७२८ प्रकरणे आहेत आणि इंग्रजी भाषांतर वेबनॉव्हेलवर आहे. अ‍ॅनिमेशन जिथे थांबते तिथून पुढे वाचण्याऐवजी पहिल्या प्रकरणापासून सुरुवात करावी, कारण मालिकेने गिल्डांचे सौदे आणि डंजनमधील आखणी मोठ्या प्रमाणात कापली आहे आणि पुढच्या सामन्यांत त्याच तपशिलांचे संदर्भ येतात. इंग्रजी भाषांतरात काही नावे सबटायटल्सपेक्षा वेगळी आहेत. वाचायला बसताना वरील यादीच्या शेजारी नवी नावे लिहून घेतली तर पहिल्या पन्नास प्रकरणांत अडखळायला होत नाही. डंजनची वर्णने कंटाळवाणी वाटू लागली तर खुशाल उड्या माराव्यात, पण ब्लू रिव्हर पानावर आला की थांबावे.